शब्दांचे गुण आणि आपला माग



आपली मुले हल्ली कॉलेजच्या प्रकल्पासाठी लोकांचे अभिप्राय संगणकाकडून वाचून घेतात. संगणकाला राग-लोभ कळत नाही. त्याला शब्दांची यादी देतात, प्रत्येक शब्दापुढे गुण. ‘अफिन’ ही अशीच एक इंग्रजी यादी. डेन्मार्कचे संशोधक फिन ओरुप नील्सन यांनी २००९ ते २०११ या काळात स्वतः गुण देऊन ती केली. गुण उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत. ‘गुड’ला अधिक ३, ‘बॅड’ला उणे ३. वाक्यातल्या गुणांची बेरीज केली की निकाल तयार! आमच्या बँकेत साधी बेरीजसुद्धा दुसरा माणूस तपासतो.

या यादीत ‘लूम’ला उणे १ आहे. इंग्रजीत संकट डोक्यावर घोंघावू लागले की ‘लूम’ म्हणतात, तो अर्थ धरला. पण भिवंडीत लूम म्हणजे माग. ज्याच्यावर इथली हजारो घरे जेवतात, त्याचे नाव काढताच गुण कापले जातात! ‘लूम्स आर रनिंग अगेन’ ही आनंदाची बातमी संगणक उण्यात टाकणार. नील्सन यांना दोष कसा द्यावा? त्यांच्यासमोर भिवंडी नव्हतीच.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये मराठीसाठी निराळी वाट धरली. सुमारे १६ हजार मराठी ट्विट घेऊन प्रत्येकाला अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे ठरवले. शब्द सुटा न तोलता वाक्य तोलले. मला हे अधिक पटते.

तरीही इंग्रजी यादीच वापरायची असेल, तर विद्यार्थ्यांनी आधी इथली शंभर वाक्ये घ्यावीत, स्वतः गुण द्यावेत आणि संगणकाचा निकाल शेजारी मांडावा. जुळणार नाहीत ते शब्द यादीतून काढावेत. सुरुवात ‘लूम’पासून करा.