‘आईचा सहभाग : कमी’

(संघटनेच्या मेळाव्यातील भाषण)



स्वमग्न मुलांसाठीच्या खेळोपचारावर मी बोलावं, असं ठरलं आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

चार वर्षांचा एक मुलगा. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत तासन्‌तास बसतो. आई चार घरी पोळ्या करते. उपचार केंद्रातल्या बाईंनी तिला शिकवलं : झाकण हिसकावून घ्यायचं नाही. शेजारी बसून आपणही एक झाकण फिरवायचं. मग त्याच्या झाकणावर हलकेच हात ठेवायचा आणि थांबायचं. तो हात ढकलेल, कदाचित वर बघेल. ते ढकलणं हेच त्याचं बोलणं. त्याला उत्तर द्यायचं आणि ही देवाणघेवाण वाढवत न्यायची.

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि मानसशास्त्रज्ञ सेरेना वीडर यांनी मांडलेली ही पद्धत ‘फ्लोअरटाइम’ म्हणून ओळखली जाते. मोठ्या माणसाने जमिनीवर बसायचं आणि मुलाला जे आवडतं तिथून सुरुवात करायची. मला ती मनापासून पटते.

पण केंद्राने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं : २० मिनिटं, दिवसातून ६ ते ८ वेळा. महिन्याने मी गृहभेटीला गेले. खेळ दिवसातून जेमतेम एकदा होत होता. फॉर्ममध्ये ‘आईचा सहभाग’ असा रकाना होता. मी त्यात ‘कमी’ असं लिहिलं. तिने विचारलं, काय लिहिलंत? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ताई, हे दोन-अडीच तास कुठल्या घरच्या पोळ्यांतून काढू, तेवढं सांगा.” आतून सासू म्हणाली, “आईलाच माया नाही, तर लेकरू बोलणार कसं?”

सासूचं बोलणं मला झोंबलं. परत येताना बसमध्ये लक्षात आलं, माझ्या रकान्यात तेच वाक्य होतं. फक्त ते समाजकार्याच्या भाषेत होतं.

हे वाक्य जुनं आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणातून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे त्यांनीच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने हा आरोप आणखी पसरवला. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. वास्तविक १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ऑटिझमचं मूळ शरीरात आहे, अशी मांडणी केली होती. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे, हेच आज विज्ञान सांगतं.

म्हणून ‘नात्यावर आधारित उपचार’ हे शब्द ऐकताना आपण सावध असायला हवं. नात्यातून मुलाला मदत होते, हे खरं. नात्यात कमी पडलं म्हणून मूल असं झालं, हे खोटं. या दोन वाक्यांतला फरक कुटुंबात जाऊन सांगणं, हे आपलं काम आहे.

मदत होते, याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्याची ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक यांनी ६५ मुलांबरोबर केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आला. तिथे हे काम तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केलं. पालक आणि मूल खेळतानाचं चित्रीकरण ते पालकांबरोबर बसून बघत. सहा महिन्यांत १२ भेटी ठरलेल्या होत्या. ज्या कुटुंबांना ही मदत मिळाली, तिथे पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद अधिक सुरू करू लागली. म्हणजे वस्तीतली बाईही हे शिकू शकते.

वडिलांचं काय? हा बाप रिक्षा चालवतो. “हे बायकांचं काम,” असं त्याने सांगून टाकलं. दोन रविवार मी त्याच्याशी बोलत राहिले. तिसऱ्या रविवारी तो जमिनीवर बसला. झाकण फिरवलं आणि थांबला. मुलाने त्याचा हात धरून झाकणावर ठेवला : पुन्हा! आता तो रिक्षा काढण्याआधी अर्धा तास बसतो. आई कणीक मळताना एक गोळा मुलाच्या हातात देते, दुसरा देताना थांबते, त्याच्या हाताची वाट बघते.

मुलगा अजून बोलत नाही. सासू अजून तेच म्हणते. पण हवं ते तो आता हाताला धरून दाखवतो, आईला आणि बापालाही.

आम्ही फॉर्म बदलला. आता रकाना असा आहे : ‘घरातलं कोण खेळलं, किती वेळ, आणि आई खेळत होती तेव्हा तिचं काम कोणी केलं?’ शेवटचा रकाना बहुतेक घरी रिकामाच असतो. तुमच्या गटांत, पाळणाघरांत, बापांच्या बैठकांत हा प्रश्न विचारा. तो रकाना भरायला मला तुमची मदत हवी आहे.