खरूज, गिधाड आणि आपला दवाखाना

तालुक्या-तालुक्यांतून रजा टाकून आलेल्या माझ्या पशुवैद्यक बंधुभगिनींनो,

अध्यक्षाने खात्यातल्या रिक्त पदांवर बोलावे अशी आपल्याकडे प्रथा आहे. पदे अजून रिक्तच आहेत, तेव्हा तो विषय पुढच्या अध्यक्षांनाही पुरेल. मी आज खरजेवर बोलणार आहे.

1996 साली युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात डोंगरी गोरिलांच्या एका कळपाला खरूज झाली. केस गळाले, कातडी खरबरीत झाली, एक पिल्लू दगावले. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या तिथल्या वन्यजीव खात्यातल्या पहिल्या पशुवैद्यक, वय पंचविशीच्या आसपास. त्यांनी आयव्हरमेक्टिन दिले आणि बाकीचे गोरिला बरे झाले. आपल्यातल्या बहुतेकांनी इथे केसपेपर बंद केला असता. त्यांनी मात्र खरूज आली कुठून, याचा माग काढला. जंगलाला लागूनच केळीच्या बागा आहेत. गोरिला त्या बागांत उतरतात, म्हणून शेतकरी जुने, मळके कपडे घातलेली बुजगावणी उभी करत. बहुधा त्याच कपड्यांतून खरजेचे किडे गोरिलांपर्यंत पोचले. ज्या घरांतले ते कपडे होते, तिथे माणसेच खाजवत होती आणि दवाखाना लांब होता.

पुढे गावकऱ्यांशी बैठका झाल्या. गोरिलांबद्दल बोलायला गेलेल्या डॉक्टरांपुढे लोकांनी आपल्या आरोग्याचे गाऱ्हाणे मांडले. 2003 मध्ये कालेमा-झिकुसोका यांनी 'कन्झर्वेशन थ्रू पब्लिक हेल्थ' ही संस्था काढली. तिचे गावोगावचे स्वयंसेवक त्याच गावचे. ते घरी येतात तेव्हा कुणाला जुना खोकला आहे का हे विचारतात, हात धुण्याची सोय बघतात, कुटुंबनियोजनाची माहिती देतात आणि गोरिला शेतात आला होता का, याचीही नोंद घेतात. एकाच फेरीत हे सगळे. गोरिला बागेत शिरला तर त्याला न दुखावता परत जंगलात वळवणारी गावकऱ्यांची वेगळी पथकेही आहेत. स्वयंसेवकांना पगार नाही. आपल्या बचत गटांसारखे त्यांचे गट आहेत. हा भाग मला पूर्ण पटत नाही. फुकटच्या श्रमावर उभे राहिलेले संवर्धन किती काळ टिकेल, ही शंका घेतलीच पाहिजे. आणि 1991 मध्ये ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा बात्वा आदिवासींना त्या जंगलातून बाहेर काढले गेले, तेही विसरून चालणार नाही. लोकसहभाग म्हणताना कोणते लोक, हे मेळघाटातून गावे उठवलेल्या महाराष्ट्राने तरी विचारावे.

तरीही फळ दिसले. अनेक संस्थांनी आणि वनरक्षकांनी मिळून केलेल्या या कामाचा हिशेब 2018 मध्ये जाहीर झाला, तेव्हा जगातल्या डोंगरी गोरिलांची संख्या हजारावर गेली होती.

आता आपल्या अंगणात या. आपली गिधाडे डायक्लोफेनॅक या गुरांना देत असलेल्या वेदनाशामकाने मेली. ते इंजेक्शन दिलेले जनावर लवकरच मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचतो. कारण 2004 मध्ये कळले, 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचल्या, म्हणून 2015 मध्ये कुपी तीन मिलिलिटरवर आणावी लागली. तशीच बंदी 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर, तर 2024 च्या अखेरीस निमसुलाइडवर आली. एक दार बंद करावे तर शेजारचे उघडे, असा हा वीस वर्षांचा प्रवास आहे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये असा अंदाज मांडला की गिधाडे गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. आकड्यावर वाद घालता येईल. पण उघड्यावर सडणारी ढोरे, नासलेले पाणी आणि वाढलेली कुत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडे घरटी करतात, गावकरी ती जपतात आणि मेलेली गुरे त्यांच्यासाठी ठेवली जातात. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांची उपाहारगृहे केली. नाव गमतीचे असले तरी काम गंभीर आहे, कारण तिथे विषारी मांस पडले तर आपणच पाहुण्यांना विष वाढल्यासारखे होईल. मेलेल्या बैलाला शेवटचे इंजेक्शन कोणते दिले होते, हे वनरक्षकाला कळत नाही. ते गोठ्याच्या मालकाला आणि सुई टोचणाऱ्याला माहीत असते. म्हणून गिधाड वाचवण्याचे काम वनखात्याइतकेच, किंबहुना जास्त, आपले आहे.

यासाठी नवी योजना नको. गावात पशुसखी आहे, आशाताई आहे. दोघी त्याच घरात जातात, पण वेगवेगळ्या वहीत लिहितात. पशुसखीने शेवटचे औषध नोंदवावे, कुत्रा चावल्याची बातमी दोघींनी एकमेकींना द्यावी आणि या कामाचे मानधन त्यांना वेळेवर मिळावे. ब्विंडीचे अनुकरण करताना तेवढा पगाराचा भाग आपण सुधारून घेऊ.

दुपारच्या सत्रात या अर्थाचा ठराव येईल. नुसता हात वर करून थांबू नका. सोमवारी दवाखाना उघडला की आधी औषधांचे कपाट तपासा. बंदी आलेले काही सापडले तर ते त्याच दिवशी यादीतून काढा, त्याऐवजी गिधाडांना सुरक्षित अशा मेलॉक्सिकॅमचा साठा मागवा आणि शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव त्याला वाचता येईल अशा मराठीत लिहा.