गॅल्व्हेस्टनचा १९ जून



‘सण-उत्सव आणि समाजजीवन’ या विषयावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. त्यासाठी अमेरिकेतील एका लहान शहराचे उदाहरण घेतो. टेक्सास राज्यात, समुद्रातील एका बेटावर, गॅल्व्हेस्टन नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तेथील वस्ती ५४ हजारांच्या आतच होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे.

बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा लिंकन यांचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. परंतु टेक्सासमधील सुमारे अडीच लाख गुलामांच्या पदरात काहीच पडले नाही. कारण तो बजावणारे सैन्य तेथे पोचलेच नव्हते. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन येथे आदेश क्रमांक ३ काढला. सर्व गुलाम मुक्त असून मालक व गुलाम यांच्या हक्कांत पूर्ण समानता राहील, असे त्यात जाहीर केले. मात्र आहात तेथेच राहून मजुरी करा, असा उपदेशही त्यातच होता! कागदावरचा हक्क हाती यायला अडीच वर्षे लागली.

पुढच्याच वर्षापासून हा दिवस लोक साजरा करू लागले. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ मिळून त्याचे नाव ‘जूनटीन्थ’ पडले. गॅल्व्हेस्टनमध्ये आजही तो आदेश जाहीरपणे वाचला जातो. मिरवणूक रीडी चॅपल या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चपर्यंत जाते. १९०० च्या ज्या वादळात या शहरात किमान सहा हजार माणसे गेली, त्यातूनही ही वास्तू वाचली. लाल सरबत, कलिंगड, भाजलेले मांस असे जेवण सर्वजण एकत्र बसून घेतात.

मित्रहो, उत्सवाला जागा लागते. शेजारच्या ह्यूस्टन शहरात जॅक येट्स या पूर्वीच्या गुलामाने पुढाकार घेतला. कालपर्यंत ज्यांची स्वतःच विक्री होत होती, त्यांनी वर्गणी काढून १८७२ साली दहा एकर जमीन विकत घेतली. ते ‘इमॅन्सिपेशन पार्क’ आजही आहे. आणि गॅल्व्हेस्टनमध्ये १८८५ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी टेक्सासमधील पहिले हायस्कूल सुरू झाले.

सरकारला जाग आली ती फार उशिरा. टेक्सासने १९७९ साली कायदा करून १९८० पासून सुट्टी दिली. ओपल ली या शिक्षिकेने २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, राष्ट्रीय सुट्टीच्या मागणीसाठी पदयात्रा काढली. २०२१ साली ती मागणी मान्य झाली. आम्हा बँकेतल्या माणसांना सुट्टीची यादी तोंडपाठ असते. पण त्या यादीतल्या एका ओळीमागे दीडशेहून अधिक वर्षांची चिकाटी असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही.

यातून आपण काय घ्यावे? त्या लोकांनी उत्सवात तो आदेश वाचला, म्हणून मुलांना इतिहास कळला. वर्गणीतून जमीन घेतली, म्हणून नातवंडांना हक्काची जागा मिळाली. आपल्या वर्गणीतले किती रुपये ध्वनिक्षेपकावर आणि किती ग्रंथालयावर जातात, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. दुसऱ्या दिवशी मांडव उतरल्यावर मागे काय उरते, यावरून उत्सवाची किंमत ठरते. विद्यार्थ्यांनो, तो हिशेब विचारण्याचा हक्क तुमचाही आहे.