गर्दीतली माणसं
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



गणपती हा कलांचा अधिपती, म्हणून आज एका चित्रकाराविषयी बोलतो. मी काही कलेतला जाणकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनिअर. पादचारी पुलाचं डिझाइन करताना आम्ही गर्दीचा भार धरतो दर चौरस मीटरला 490 किलो. आमच्या हिशेबात गर्दी म्हणजे वजन.

सुधीर पटवर्धन यांचं 1981 सालचं 'ओव्हरब्रिज' हे तैलचित्र छापील रूपात पाहिलं, तेव्हा जाणवलं की या वजनाला चेहरे असतात.

पटवर्धनांचा जन्म 1949 सालचा, पुण्याचा. 1972 साली ते पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. चित्रकला मात्र स्वतःच शिकले. 1975 ते 2005 अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि जोडीने चित्रं काढली. 1979 साली दिल्लीत इब्राहिम अल्काझी यांनी त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं.

त्यांचे विषय म्हणजे लोकल, इराणी हॉटेल, कामगार, रस्ते. 1991 सालचं 'पोखरण' हे राजस्थानातलं नव्हे, ठाण्यातल्या पोखरण रोडचं! ते शहरात हिंडतात, रेखाटनं करतात, फोटो काढतात आणि मग वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं एकाच कॅनव्हासवर सांधतात. तैलरंगांबरोबर पुढे अ‍ॅक्रिलिकही आलं.

पण मला भिडला तो त्यांचा प्रश्न. आपण मध्यमवर्गीय, मग कष्टकऱ्याचं चित्र कोणत्या नात्याने काढायचं? ज्याचं चित्र आहे त्याला ते आपलं वाटावं, ही त्यांनी स्वतःला लावलेली कसोटी. 2008-09 मध्ये समकालीन चित्रकारांच्या कलाकृती महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला, तोही चित्र लोकांपर्यंत जावं म्हणूनच.

आपल्या स्टेशनच्या पुलावर एक बाई केळी विकते. नऊ वर्षं मी तिच्यासमोरून जातो. आता पूल रुंद होणार आहे. नकाशा मीच तयार केला, पण त्यात तिची जागा नाही. परवा प्रथमच थांबून तिचं नाव विचारलं, आणि नकाशा पुन्हा उघडून बसलो. जागा निघेल की नाही, आज सांगता येत नाही. पण आता ती माझ्या हिशेबात नुसतं वजन राहिलेली नाही.