यंत्रांना बोलतं करणारं प्रदर्शन



आज आम्ही तुम्हांला याशा रायखार्ट या बाईंची गोष्ट सांगणार आहोत. त्यांची ओळख यंत्र बनवणारी किंवा चित्रं काढणारी म्हणून नाही. चित्रकार आणि यंत्रं बनवणारे यांना त्यांनी एका छताखाली आणलं. अशा कामाला क्युरेटरचं काम म्हणतात. काय मांडायचं, कुणाकडून आणायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, बघणाऱ्याला कसं समजावायचं, हे क्युरेटर ठरवते. गटाचा स्टॉल लावताना आपणही हेच करतो. बरण्या नुसत्या ओळीनं ठेवल्या तर गिऱ्हाईक पुढं जातं, लोणच्याची चव दिली तर थांबतं.

याशाबाईंचा जन्म १९३३ सालचा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. आई चित्रं काढायची, पियानो वाजवायची. वडील इमारतींचे आराखडे करणारे इंजिनियर. कुटुंब ज्यू होतं. महायुद्धात नाझींनी शहरातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं. छोट्या याशाला तिथून लपूनछपून बाहेर काढलं, म्हणून ती वाचली. आईवडील वाचले नाहीत. १९४६ मध्ये ती लंडनला मावशीकडे आली. मावशी चित्रकार, मावशीचे यजमान लेखक. त्या घरात ती वाढली.

पुढं १९६३ मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत त्या सहायक संचालक झाल्या. १९६५ साली माक्स बेन्झे या जर्मन विचारवंतांनी त्यांना सुचवलं, की आता संगणकाकडे बघा. तेव्हाचा संगणक मोठी जागा अडवायचा. तो सैन्याकडे, विद्यापीठांत आणि मोठ्या कंपन्यांत असायचा. साध्या माणसाला त्याचं दर्शनही होत नव्हतं. याशाबाईंनी तीन वर्षं माणसं शोधली, पैसे उभे केले. २ ऑगस्ट १९६८ ला प्रदर्शन उघडलं. नाव होतं ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’. सेरेंडिपिटी म्हणजे शोधत नसताना अवचित हाती लागलेली चांगली गोष्ट.

तिथं काय होतं? एका यंत्रापुढं तुम्ही शीळ घातली, की ते तीच चाल घेऊन पुढं खुलवायचं. दुसरीकडे तुम्ही शब्द निवडायचे आणि संगणक त्यांतून तीन ओळींची छोटी कविता जुळवायचा. सगळ्यांत लाडकं ठरलं ते ‘सॅम’. एडवर्ड इहनाटोविच यांनी ते बनवलं होतं. पाठीच्या मणक्यांसारखा धातूचा दांडा आणि वर फुलासारखं तोंड. त्यात मायक्रोफोन बसवलेले. कुणी बोललं, की सॅम त्या बाजूला मान वळवायचं. गंमत अशी, की ओरडलं तर ते वळत नसे, हळू आणि सलग बोललं तर वळे. लोक त्याच्यापुढं बराच वेळ आवाज काढत उभे राहात.

याशाबाईंना एक गोष्ट फार मोलाची वाटली. पाटी वाचल्याशिवाय कुणाला कळत नसे, की समोरची वस्तू चित्रकाराची आहे, इंजिनियरची की गणितज्ञाची. त्यात भाग घेणारे तीनशेच्या वर होते. त्यांत बायका मात्र मोजक्याच. तरी त्या सगळ्यांची मोट बांधणारी बाईच होती, हे आम्हांला महत्त्वाचं वाटतं.

पुढं हे प्रदर्शन अमेरिकेत गेलं. याशाबाई लंडनच्या व्हाइटचॅपल कलादालनाच्या संचालक झाल्या, यंत्रमानवांवर पुस्तक लिहिलं. मावशीच्या घरातली चित्रं, पत्रं, कागद त्यांनी कित्येक वर्षं बसून लावले. आज तो ठेवा वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ज्या शहरातून ही मुलगी लपून निघाली, तिथंच तो पोचला.

मैत्रिणींनो, यंत्र आज आपल्या घरात आलं आहे. फोन आहे, पैसे काढायचं मशीन आहे, ऑनलाइन अर्ज आहे. तरी कितीजणी म्हणतात, “आम्हांला नाही बाई जमत, पोरगं करील.” मग खात्यात किती पैसे आले, हेही पोराकडूनच कळतं. याशाबाईंनी लोकांना यंत्रापुढं आणलं, ते भाषण द्यायला नाही. शीळ घाला, बोला, शब्द निवडा, असं म्हणून आणलं. हाताळल्यावर भीती कमी होते.

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीत एकमेकींना फोन शिकवा. गाणं रेकॉर्ड करा, रांगोळीचा फोटो काढा, मग खातं बघायला शिका. शिकवणारीनं एवढंच पाळावं: फोन शिकणारीच्या हातातून काढून घ्यायचा नाही. बोट तिचंच फिरू द्यायचं. वेळ लागला तर लागू द्या.