काळोखाची राखण

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त खजुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या संस्थेने शंभर वर्षे ज्ञानाचा दिवा तेवत ठेवला, तिच्या व्यासपीठावरून काळोखाची बाजू मांडणे हे काहीसे धारिष्ट्याचेच आहे. परंतु मी बोलणार आहे तो काळोख अज्ञानाचा नव्हे; ज्यावाचून आकाशाचा ग्रंथ उघडतच नाही, असा तो रात्रीचा काळोख आहे.

हा ग्रंथ आपल्या पूर्वजांनी बारकाईने वाचला होता. मृगाची पेरणी, हस्ताचा पाऊस ही शेतकऱ्याची नित्याची भाषा. सप्तर्षींत म्हातारीचे बाजले आणि ते पळविणारे तीन चोर पाहणारी, मृगातील तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणणारी माणसे कोणत्याही पाठशाळेत गेलेली नव्हती. शास्त्राध्ययनाची परंपराही होतीच. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो. ग्रंथ टिकवावयाचा तर जागा आणि आश्रय लागतो, हे ग्रंथालयाच्या सभासदांना मी काय सांगावे? आकाशाचेही तसेच आहे.

त्याला जागा कशी उरत नाही, याचे उदाहरण आपल्या जुन्या राजधानीतच आहे. हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेची स्थापना केली. ताराचित्रणाच्या जागतिक प्रकल्पात तिने लाखो ताऱ्यांची स्थाने नोंदविली. पुढे शहराचा उजेड वाढला आणि दूर जपाळ-रंगापूर येथे नवी वेधशाळा बांधावी लागली. १९६८ मध्ये तेथे ४८ इंची दुर्बीण बसली. कालांतराने शहर तिच्याही दिशेने पसरत गेले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनेही आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित केली ती पुण्यात नव्हे, जुन्नरजवळील गिरवलीला. शास्त्रज्ञ दुर्बीण घेऊन दूर जाऊ शकतो. गावाला आपले आकाश घेऊन कोठे जाता येईल?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतील सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवरून, २०११ ते २०२२ या काळात रात्रीच्या आकाशाचा उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. या गतीने, मूल जन्मले तेव्हा जेथे २५० तारे दिसत, तेथे त्याच्या अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील. याचे कारण साधे आहे. उघड्या दिव्याचा जो प्रकाश वर आणि आडवा जातो, तो हवेतील कणांवर विखुरतो आणि आकाशावर पांढुरका पडदा धरतो. निळसर पांढरा प्रकाश अधिक विखुरतो, पिवळसर कमी. जो उजेड जमिनीवर पडत नाही, त्याचेही वीजबिल मात्र आपणच भरतो. पतंग, काजवे, रात्री प्रवास करणारे पक्षी यांची दिशाभूल होते, ते वेगळेच.

यावर उपाय आहे, आणि तो मराठी मुलुखातच करून दाखविला गेला आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे उद्यान. लडाखमधील हानले येथेही २०२२ मध्ये असे संरक्षित क्षेत्र घोषित झाले. पण तेथे विरळ वस्तीचे, उंच, कोरडे पठार आहे. पेंचची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. तेथे वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या चार गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळविण्यात आला. गावे अंधारात लोटली नाहीत. दिव्यांना केवळ शिस्त लावली.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की रात्री एकट्या घरी परतणाऱ्या मुलीचे काय? शेतातून येणाऱ्याला विंचू-साप दिसायला नको का? ज्या गावांनी विजेची वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना दिवे मालवा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र डोळ्यांत घुसणारा दिवा वाट दाखवीत नाही, उलट पलीकडची सावली अधिक दाट करतो. झाकणीचा, खाली पाहणारा, पिवळसर दिवा पाऊलवाट उजळतो आणि वरचे तारेही राखतो. सुरक्षितता आणि आकाश यांत निवड करण्याची वेळ येतच नाही.

म्हणून कलबुर्गी-बीदरच्या या सीमाभागातील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे : नवा दिवा बसविताना त्याचे तोंड कोणीकडे आहे, एवढे अवश्य पाहावे. चौकातील उंच खांबांवरचे प्रखर दिवे मध्यरात्रीनंतर मंद करावेत. आणि ग्रंथालयाने अमावास्येच्या आसपास आकाशदर्शन ठेवावे. त्या वेळी वृद्धांकडून ताऱ्यांची जुनी नावे मराठी, कन्नड, उर्दू, लमाणी अशा सर्व बोलींत लिहून घ्यावीत. ती नावे उच्चारणारी पिढी आणि ते तारे, दोन्ही एकदमच मावळू लागले आहेत.

पोथीला कसर लागू नये म्हणून आपण तिला कापडात बांधतो. आकाशाच्या पोथीसाठी दिव्याला झाकणी एवढेच करावयाचे आहे. पुढील शंभर वर्षांच्या वाचकांसाठी दोन्ही ग्रंथ या गावात वाचनीय राहोत, अशी इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.