चढाईचे मोल

आमच्या मोहगावकडे बैल घ्यायला गेलेला शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. या बैलाने आजवर किती वावरे नांगरली, हे विकणारा कितीही रंगवून सांगो. घेणाऱ्याचे लक्ष पुढच्या हंगामांकडे असते. बैलाच्या बाबतीत हा व्यवहार आपल्याला खटकत नाही. माणसाच्या बाबतीत तो दिसला, म्हणजे मात्र मन थबकते.

चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला यू मुंबा संघाने २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या एका हंगामात त्याने चढायांचे २१८ गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. पुढे खांदा दुखावला. २०२३ साली त्याला १ कोटी मिळाले, तर २०२४ साली अवघे २६ लाख! प्रदीप नरवालची कथा याहून बोलकी आहे. चढायांचे अठराशेहून अधिक गुण मिळवणारा हा विक्रमवीर २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांना गेला. २०२५ च्या लिलावात त्याला कोणी घेतलेच नाही, आणि त्याने निवृत्ती पत्करली. त्याच लिलावात सर्वाधिक, २ कोटी २३ लाखांची बोली लागली ती इराणच्या शादलूवर. तो चढाई करतो खरा, पण त्याची ख्याती पकडीची.

चढाईपटू एकटा सात जणांच्या अंगणात शिरतो. पकडणारे साखळी करून, एकमेकांच्या आधाराने झेप घेतात. याला पाठीशी कोणी नसते. गुण फलकावर चढतात, घाव मात्र त्याच्या अंगावर साठत जातात.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये, जो नावापुरताच पायांचा खेळ आहे, चेंडू काखोटीला मारून प्रतिपक्षाच्या गर्दीत घुसणाऱ्या गड्याची अवस्था अशीच, किंबहुना अधिक बिकट आहे. तेथे नवागताच्या वेतनाची चौकट २०११ च्या करारापासून ठरलेली असून पहिली तीन वर्षे ती बदलून मागता येत नाही. म्हणजे अंगातली उमेदीची वर्षे स्वस्तात खर्ची पडतात. मोठी रक्कम मागण्याची वेळ येते तेव्हा संघचालक दात पाहू लागतात! शिवाय दूरवर चेंडू फेकण्याला महत्त्व आल्याने त्याच्या जागी नवा, स्वस्त धावपटू उभा करणे सोपे झाले. सॅक्वॉन बार्कली २०१८ साली निवडीत दुसरा होता. २०२३ मध्ये त्याला एकाच वर्षाच्या करारावर समाधान मानावे लागले. संघ बदलून २०२४ मध्ये तो २००५ यार्ड धावला, तेव्हा कुठे २०२५ मध्ये त्याला वर्षाला सरासरी दोन कोटी डॉलरहून अधिक देणारा करार लाभला. पण असा बार्कली एखादाच.

संघचालकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. पैसा त्यांचा, हिशेब त्यांचा. पण आमच्या गावचा एक मुलगा परवा कॉलेज सोडून कबड्डीत उतरू का, असे विचारायला आला होता. कोटींचे आकडे त्याला तोंडपाठ होते. करार किती वर्षांचा असतो आणि खांदा निखळला तर औषधपाण्याचा खर्च कोण करतो, असे मी विचारले. तो म्हणाला, ''काका, ते तर मी विचारलंच नाही.''